तेल्या हातांनी पसरतो, हातांनीच थांबतो



आम्ही बचत गटांच्या कामासाठी बीड जिल्ह्यातल्या गावांत फिरतो. पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात. ज्या गावात डाळिंब आहे तिथे एक मागणी ठरलेली असते : फवारणीला पैसे पाहिजेत, बागेवर तेल्या आलाय. पैसे दिले जातात, फवारणी होते, पाऊस पडतो आणि पंधरा दिवसांनी तीच मागणी पुन्हा येते. फळं तडकतात, व्यापारी बाग बघून परत जातो आणि कर्जाचे हप्ते तेवढे अंगावर राहतात.

म्हणून आज आपण तेल्याबद्दल नीट समजून घेऊ. लिंबावरच्या खैऱ्याबद्दलही थोडं बोलू, कारण तो याच जातीचा रोग आहे. आमचं सांगणं एकच आहे. हा रोग आल्यावर त्याला पुरता घालवणारं औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो बागेत येऊ न देणं आणि आला तर जागच्या जागी रोखणं हाच त्यावरचा इलाज. आणि हा इलाज बहुतेक हातांनी करायचा आहे : छाटणाऱ्या, वेचणाऱ्या, तोडणाऱ्या हातांनी. आपल्याकडे हे हात बायांचे असतात.

हा रोग बुरशीचा नाही

पिकावर डाग दिसला की आपण सरसकट म्हणतो, बुरशी आली. पण रोग करणारे जीव वेगवेगळे असतात. काही रोग बुरशीमुळे होतात, काही विषाणूमुळे, काही जिवाणूमुळे. जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एका पेशीचा जीव. दुधाचं दही करणारेही जिवाणूच असतात, त्यामुळे सगळे जिवाणू वाईट नव्हेत. पण झान्थोमोनास नावाच्या जिवाणूंच्या कुळातला एक प्रकार डाळिंबाला तेल्या करतो आणि दुसरा लिंबाला खैऱ्या करतो.

बुरशी आणि जिवाणू यांतला फरक कळला नाही तर पैसा वाया जातो. बुरशी मारणारी पुष्कळशी औषधं जिवाणूवर चालत नाहीत. शेजारच्या बागेत बुरशीचे ठिपके होते, त्यांना एका औषधानं गुण आला, म्हणून तेच औषध आपण तेल्यावर मारलं तर पाण्यासोबत पैसेही वाहून जातात.

जिवाणूची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याला फळाची धड साल भोकसून आत जाता येत नाही. त्याला दार लागतं. पानावर श्वास घ्यायची बारीक छिद्रं असतात, ते एक दार. काट्यानं खरचटलं, कात्रीनं कापलं, किडीनं पोखरलं, गारपिटीनं मार लागला, ही बाकीची दारं. आणि दारापर्यंत पोचायला त्याला पाणी लागतं. पावसाचा थेंब रोगट पानावर पडून उडतो, तेव्हा त्या थेंबाबरोबर हजारो जिवाणू शेजारच्या पानावर जातात. वारा असला तर शेजारच्या झाडावर, शेजारच्या बागेत जातात. म्हणून वाऱ्यासह पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसांत तेल्या एकदम दिसायला लागतो.

तेल्या कसा ओळखायचा?

नावातच खूण आहे. कागदावर तेलाचा थेंब पडल्यावर जसा डाग दिसतो, तसा पाणचट, तेलकट डाग आधी पानावर येतो. पान उजेडासमोर धरलं तर डागाची जागा अर्धवट आरपार दिसते. नंतर तो डाग तपकिरी-काळा होतो आणि त्याच्या भोवती बहुतेक वेळा पिवळी कड दिसते. पानं पिवळी पडून गळतात.

फांदीवर, विशेषतः पेऱ्याजवळ, काळपट खोलगट चट्टे पडतात. तिथे फांदी वाऱ्यानं किंवा फळाच्या वजनानं मोडते. फळावर तपकिरी-काळे तेलकट डाग येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि डागावरच फळ तडकतं. ही तड इंग्रजी एल किंवा वाय या अक्षरासारखी फाकलेली दिसते. डाग लहान असला तरी चांगला भाव मिळत नाही, आणि तडकलेल्या फळाला तर गिऱ्हाईकच नसतं.

फळ तडकलं म्हणजे तेल्याच असं मात्र समजू नका. पाणी कधी कमी, कधी एकदम जास्त झालं तरी डाळिंब तडकतं. तेव्हा तडीजवळ काळे तेलकट डाग नसतात. तसंच अख्खं झाड पिवळं पडून वाळत गेलं तर ती बहुधा मर असते. तो वेगळा रोग आणि त्याचा इलाजही वेगळा. शंका असली तर चार रोगट पानं आणि एक फळ पिशवीत बांधून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराई तालुक्यात खामगावला अशी केंद्रं आहेत. मात्र ती पिशवी हातात घेऊन दुसऱ्याच्या बागेत जाऊ नका.

हा आला कुठून?

भारतात तेल्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीला झाली. नंतर बरीच वर्षं तो फारसा कुणाला माहीत नव्हता. पुढे कर्नाटकात डाळिंबाच्या बागा वाढल्या तिथे तो मोठ्या प्रमाणावर दिसला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात त्याची साथ आली. सोलापूर, नाशिक, सांगली, नगर या डाळिंबाच्या जिल्ह्यांत कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या शास्त्रज्ञांच्या कामात तेल्या हा मोठा विषय राहिला आहे.

साथ एवढी पसरायचं मोठं कारण म्हणजे रोपं. डाळिंबाचं रोप बहुतेक गुटी कलमाचं असतं. आईच्या झाडाला तेल्या असला तर कलमात तो लपून येतो. रोप हिरवंगार, टवटवीत दिसतं, पहिल्या वर्षी काहीच कळत नाही, आणि पहिला बहर धरला की रोग वर येतो. आज आपल्याकडे बाजारात चालणाऱ्या भगवा, गणेश यांसारख्या सगळ्या वाणांना तेल्या होतो. तेल्या होतच नाही असं डाळिंब मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रोपाच्या बाबतीत घरात बायांनी बोललंच पाहिजे. रोपं आणायला पुरुष जातात, पाच-दहा रुपये कमी म्हणून गाडी भरून आणतात, आणि पुढची दहा वर्षं त्या बागेत काम आपण करतो. रोप घ्यायचं तर सरकारमान्य रोपवाटिकेतून, पावती घेऊन. शक्य असेल तर मातृबाग डोळ्यांनी पाहून घ्या. ऊतिसंवर्धित रोप महाग असतं, पण ते प्रयोगशाळेत स्वच्छ तयार केलेलं असतं, त्यामुळे रोग सोबत येण्याची भीती फार कमी. लावताना दोन ओळींत साडेचार मीटर आणि दोन झाडांत तीन मीटर अंतर ठेवा. दाट लावलेल्या बागेत हवा खेळत नाही, पानं ओली राहतात आणि जिवाणूला तेच हवं असतं.

कोणता बहर धरायचा, हा खरा प्रश्न

डाळिंबाचे तीन बहर तुम्हाला माहीत आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहर, जून-जुलैचा मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहर. तेल्याच्या जिवाणूला २५ ते ३५ अंश तापमान आणि दमट हवा फार मानवते. मृग बहरात फळ वाढतं ते नेमकं पावसाळ्यात, म्हणून त्या बहरात तेल्या सर्वांत जास्त. हस्त बहरात फळ हिवाळ्यात वाढतं, हवा कोरडी आणि थंड असते, म्हणून तेल्या सर्वांत कमी. ज्या भागात तेल्या आहे तिथे हस्त बहर धरा, असा सल्ला शास्त्रज्ञ देतात.

ऐकायला सोपं आहे. पण आपला भाग अवर्षणाचा. मृग बहर आपण हौसेनं धरत नाही, पावसाचं पाणी फुकट मिळतं म्हणून धरतो. हस्त बहर धरला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठिबकला पाणी पुरलं पाहिजे. शिवाय पाऊस लांबला तर सप्टेंबरात बागेला ताण बसत नाही. भारी जमिनीत तर नाहीच बसत.

आमचं म्हणणं असं, की हा निर्णय सवयीनं घेऊ नका, हिशोबानं घ्या. ऑगस्टच्या शेवटी विहिरीत किती पाणी आहे, बोअर किती वेळ चालतो, बाग किती झाडांची आहे, हे घरात बसून मांडा. पाणी सगळ्या बागेला पुरणार नसेल तर अर्ध्या बागेचा हस्त बहर धरा आणि अर्ध्या बागेला विश्रांती द्या. अर्ध्या बागेचं स्वच्छ फळ पूर्ण बागेच्या डागाळलेल्या फळापेक्षा जास्त पैसे देऊ शकतं. कोणताही बहर धरा, एका वर्षात एकच. तोडणी झाल्यावर झाडाला तीन-चार महिने विश्रांती हवीच. सतत बहर घेतलेलं झाड खंगतं आणि खंगलेल्या झाडाला रोग लवकर धरतो.

दुसरी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं राहतात. हस्त बहराचं सगळं काम त्याच महिन्यांत येतं. ज्या घरात बाग बघायला धडधाकट माणूस राहणार नाही, त्या घरानं मुकादमाची उचल घेण्याआधी बागेचा बंदोबस्त करावा. गटातल्या किंवा भावकीतल्या कुणाला मजुरी ठरवून, वहीत लिहून बाग सोपवावी. आणि ज्यांना नवीन फळबाग लावायची आहे पण वर्षातले सहा महिने बाहेर जावंच लागतं, त्यांनी सीताफळाचा विचार करावा. बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळ चिवट आहे, २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याचा हंगाम बहुतेक ऊसतोड सुरू होण्याच्या आसपास आटोपतो. सीताफळही कधी काळं पडतं, पण तो बहुधा बुरशीचा रोग असतो. त्यावर तेल्याचं औषध मारू नका.

विश्रांतीच्या काळातली कामं

तेल्याचा जिवाणू गळलेल्या पानांत, पडलेल्या फळांत आणि फांदीवरच्या चट्ट्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. बाग रिकामी दिसते, पण रोग तिथेच दबून बसलेला असतो. म्हणून विश्रांतीच्या काळातली साफसफाई ही सर्वांत मोठी फवारणी समजा. ती या क्रमानं करा.

पहिलं, छाटणी. चट्टा पडलेली फांदी चट्ट्याच्या खाली दोन इंच निरोगी भाग घेऊन कापा. एक झाड झालं की कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवा, मगच दुसऱ्या झाडाला हात लावा. किती द्रावण किती पाण्यात घालायचं ते बाटलीवर किंवा कृषी सहायकाला विचारून ठरवा. दोन कात्र्या असल्या तर काम थांबत नाही, एक पाण्यात आणि एक हातात.

दुसरं, कापलेल्या फांद्या, पानं, पडलेली फळं, जुनी वाळून लटकलेली फळं, सगळं वेचून बागेबाहेर न्या आणि नष्ट करा. बांधावर ढीग घालून ठेवला तर पहिल्याच पावसात रोग परत बागेत. शेणखताच्या उकिरड्यावरही टाकू नका.

तिसरं, कापलेल्या जागेवर आणि खोडावर बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी असं हे प्रमाण आहे.

चौथं, झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी.

पाचवं, जमिनीवर राहिलेल्या बारीक पाल्यासाठी झाडाखाली ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा. एकराला साधारण १० किलो पावडर ४०० लिटर पाण्यात.

बोर्डो मिश्रण घरी करता येतं आणि ते स्वस्त पडतं. हे जुनं औषध आहे. फ्रान्समध्ये बोर्डो नावाच्या गावाकडे द्राक्षांच्या बागा आहेत. रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिथले लोक वेलांवर चुना आणि मोरचूद शिंपडायचे. त्या वेलांवर रोग कमी दिसतो हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं हे मिश्रण लोकांपुढे आणलं. ते बुरशीवर चालतं आणि त्यातलं तांबं जिवाणूलाही आवरतं.

करायची रीत अशी. प्लास्टिकच्या एका बॅरलमध्ये ५० लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा. त्यासाठी मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्यात लटकवून ठेवला तर चांगला विरघळतो. दुसऱ्या बॅरलमध्ये चुना विरवून, गाळून ५० लिटर पाणी करा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बॅरलमध्ये ओता आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहा. झालं की घासलेला लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवून बघा. विळ्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, त्यानं पानं भाजतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, विळा तांबडा होईनासा झाला की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरा आणि त्यात दुसरं कोणतंही औषध मिसळू नका. लोखंडाची किंवा पत्र्याची भांडी नकोत आणि घरातली स्वयंपाकाची भांडी तर अजिबात नकोत.

हे काम करताना हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी या कामाला हात लावू नये. ब्लीचिंग पावडर मोकळ्या हवेतच कालवा आणि तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

बागेवर फळ असताना

फळ असताना नियम थोडे आहेत, पण ते रोज पाळायचे आहेत.

पानं दवानं किंवा पावसानं ओली असताना बागेत शिरू नका. ओल्या पानाला लागलेला हात, पदर आणि ओढणी जिवाणू पुढच्या झाडावर नेतात. ऊन पडून पानं सुकली की कामाला लागा.

मजुरीला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे खास लक्षात ठेवा. एकाच दिवशी दोन बागांत काम असेल तर आधी निरोगी बाग, मग रोगट बाग. रोगट बागेतून निघताना हात साबणानं धुवा, कात्री निर्जंतुक करा. मालकानं साबण-पाण्याची सोय केली नाही तर मागून घ्या. त्यात तुमचंही भलं आहे, त्याच्या बागेचंही.

आठवड्यातून दोनदा ओळीनं फिरून डागाळलेली पानं आणि फळं काढा, पिशवीत टाका, खाली टाकू नका. पाणी ठिबकनंच द्या, झाडावर उडवू नका. युरिया बेतानं टाका. जास्त नत्रानं पालवी लुसलुशीत होते आणि अशा पालवीवर किडी येतात, रोगही येतो.

फवारणी लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २ ते अडीच ग्रॅम, असं प्रमाण साधारण सांगितलं जातं. पावसाची उघडीप बघून फवारा आणि तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते डब्यावर वाचून किंवा वाचून घेऊन वागा. फवारणीनं नवे डाग पडायचे कमी होतात. पडलेला डाग पुसला जात नाही.

माणसाचं औषध झाडावर

आता थोडं नाजूक बोलतो. तेल्यावर पुष्कळ ठिकाणी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मारली जाते. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविकं असतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं आणि क्षयरोगावर, म्हणजे टीबीवर, गुण देणारं ते पहिलं औषध ठरलं. म्हणजे हे मुळात माणसाचं औषध.

प्रतिजैविक पुन्हा पुन्हा मारलं की दुबळे जिवाणू मरतात, चिवट राहतात आणि त्यांचीच पैदास वाढते. मग लिटरला अर्धा ग्रॅम पुरत होतं तिथे एक ग्रॅमही पुरत नाही. हे बागेतच संपलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते पाण्यात, मातीत, आपल्या हातांवर येतं आणि चिवटपणा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. उद्या घरातलं मूल आजारी पडलं आणि दवाखान्यातलं औषध लागू पडलं नाही, तर त्याचं एक कारण शेतातही असू शकतं. याच काळजीनं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन औषधं शेतीत टप्प्याटप्प्यानं बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. म्हणून दुकानदारानं पुडी पुढे केली की 'आधी कृषी सहायकाला विचारते' असं म्हणायला लाजू नका.

लिंबावरचा खैऱ्या

ज्यांच्याकडे कागदी लिंबू आहे त्यांनी खैऱ्याकडे लक्ष द्यावं. पानावर, काटेरी फांदीवर आणि फळावर खरबरीत, उंच आलेले तपकिरी फोड दिसतात, भोवती पिवळी कड असते. लिंबू आतून चांगलं असतं, पण साल खरबरीत म्हणून भाव पडतो. मोसंबीवरही हा रोग येतो, पण कागदी लिंबाला तो जास्त धरतो.

इथेही गोष्ट तीच : जखम आणि पाणी. लिंबाची पालवी पोखरणारी नागअळी पानात नागमोडी वाट करते आणि त्या वाटेनं जिवाणू आत जातो. म्हणून नवी पालवी आली की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून काढा आणि १ टक्का बोर्डो मारा. वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावली तर पावसाचा सपकारा कमी लागतो.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे हाच रोग थांबवायला सरकारनं लाखो झाडं तोडून टाकली. पण २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग एवढा दूर नेला की २००६ मध्ये ती मोहीमच बंद करावी लागली. पैसा आणि यंत्रणा असलेल्या ठिकाणी ही गत, तर आपण आधीपासून काळजी घेतलेली बरी.

गटानं काय करावं?

एकट्या घराची शिस्त पुरत नाही, कारण पाऊस-वारा बांध ओळखत नाही. शेजारी कुणी तेल्याला कंटाळून बाग सोडून दिली असेल तर ती पडीक बाग साऱ्या शिवाराला रोग पुरवते. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. गावात कृषी सखी असेल तर तिला बोलवा. मालकाकडे पैसा नसेल, माणूस नसेल, तर दहा-पंधरा जणी मिळून दोन दिवसांत बाग साफ करता येते. मजुरी त्यानं नंतर द्यावी किंवा फेडीच्या कामानं फेडावी. कात्र्या, हातमोजे आणि बोर्डोसाठी तीन बॅरल गटानं एकदाच घेऊन ठेवले तर सगळ्यांच्या कामी येतात.

आणि बागेसाठी कर्ज देताना गटानं चार प्रश्न विचारावेत. रोपं कुठून आणली होती? या वर्षी कोणता बहर धरला आणि पाणी किती आहे? विश्रांतीत छाटणी आणि वेचणी झाली का? औषध कुणाच्या सल्ल्यानं घेताय? उत्तरं कच्ची असली म्हणून बाईला कर्ज नाकारू नका. फवारणीऐवजी साफसफाईच्या मजुरीला आणि चांगल्या रोपाला पैसे द्या. तो पैसा परत येण्याची शक्यता जास्त.

शेवटची गोष्ट वहीची. घरच्या हिशोबात औषधाची बिलं लिहिली जातात, पण पालापाचोळा वेचण्यात घरच्या बाईचे किती दिवस गेले ते कुणी लिहीत नाही. बागेला खरा आधार त्या दिवसांचा आहे. ते दिवस चालू मजुरीच्या दरानं वहीत लिहा. सातबाऱ्यावर तुमचं नाव असो की नसो, बहर कोणता, रोप कुठलं आणि फवारणी कोणती हे ठरवताना ती वही समोर ठेवा आणि आपलं मत सांगा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या बागेतून एकदा ओळीनं फिरून यायचं आणि काय दिसलं ते सांगायचं, एवढं ठरवू या.